८२ टक्क्यांनाही ‘उत्तीर्ण’च का येतंय?

खडूफळा
नमस्कार. मी दहावीला गणित शिकवते आणि दिवाळीच्या सुट्टीपासून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. सरावासाठी दहावीच्या निकालाचा प्रोग्राम लिहिला. पहिली अट इफची, म्हणजे ‘जर’ची: ३५ किंवा जास्त असतील तर ‘उत्तीर्ण’. मग एलिफ (‘नाहीतर जर’) लावत ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम, ७५ ला विशेष प्राविण्य. शेवटी एल्समध्ये (‘यातलं काहीच नसेल तर’) ‘अनुत्तीर्ण’. एरर काहीच येत नाही, पण ८२ घाला नाहीतर ९५, उत्तर ‘उत्तीर्ण’च. २० ला मात्र बरोबर ‘अनुत्तीर्ण’ येतं. काल रात्री साडेअकरापर्यंत यावरच बसले होते. हे वर्गात दाखवायचंय, त्यामुळे नुसता दुरुस्त कोड नको, कारण सांगा.

लोकलवाला
ताई, क्रम उलटा करा. ७५ सगळ्यात वर, ३५ सगळ्यात खाली.

पायवाट
कारण असं, ताई. प्रोग्राम वरून खाली चालतो. ८२ हे ३५ पेक्षा जास्त आहेतच, म्हणजे पहिलीच अट खरी ठरली. एक अट खरी ठरली की खालचे एलिफ तो बघतसुद्धा नाही. ७५ च्या ओळीपर्यंत तुमचे ८२ पोचलेच नाहीत. आणि एलिफच्या जागी सगळीकडे नुसतं इफ लिहून पाहा, ८२ ला चारही ओळी छापून येतील. हेही मुलांना जरूर दाखवा. मुलांना ओळीत उभं करून प्रत्येकाच्या हातात एकेक अट द्या, लगेच कळेल.

जाता जाता एक, मला फार आवडलेलं: इनपुटला देवनागरीत ८२ टाइप केलंत तरी इंट, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराची पूर्ण संख्या करणारं फंक्शन, त्याचा आकडा करून देतं. कोडच्या आत मात्र इंग्रजी अंकच लागतात.

खडूफळा
दादा, मनापासून आभार. आज पाच मुलं फळ्यासमोर ओळीत उभी केली, ७५ वाली मुलगी पहिली. बाकीचे गुणांची चिठ्ठी घेऊन एकेकापाशी थांबत गेले. ८२ वाला पहिलीपाशीच अडला आणि खाली बसला. मग ७५ ची चिठ्ठी आली. मुलगी म्हणाली, “माझ्या पाटीवर ‘७५ पेक्षा मोठा’ एवढंच आहे, तू पुढे जा.” तो प्रथम श्रेणीत जाऊन बसला आणि वर्ग ओरडला, “बाई, अन्याय!” बरोबरीचं चिन्ह मग त्या मुलीनेच खडूने पाटीवर काढलं.