अनुभव धागा : विजेवरच्या गाडीतले कप्पे, सनरूफ, सीट आणि सीटबेल्ट

करवीरनिवासी

गेल्या रविवारी वाघबिळावरून पन्हाळ्याकडे वळताना पुढच्या गाडीच्या उघड्या सनरूफमधून दोन मुले कमरेपर्यंत बाहेर आलेली दिसली आणि लहानपणीची जोतिबाची वाट आठवली. तेव्हा आम्ही सगळी भावंडे जीपच्या मागच्या आडव्या बाकांवर बसून डोंगर चढत असू. पट्टा वगैरे काही नसे; प्रत्येक वळणाला मोठे काका आडवा हात धरत आणि तेवढ्या आधारावर आम्ही निर्धास्त असू. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. आता प्रत्येक सीटला पट्टा आहे, एअरबॅग आहे, आणि तरीही मुले छतातून बाहेर उभी आहेत, हे पाहून मन फार अस्वस्थ झाले, म्हणून हा धागा काढत आहे.

या वर्षी आमच्या घरी विजेवरची गाडी आली. चालवायला ती सोपी आहे. पण पुढच्या झाकणाखालचा कप्पा, छताची काच, सीट आणि पट्टे या गोष्टी घरातल्या प्रत्येकाने, गाडी न चालवणाऱ्यांनीसुद्धा, स्वतःच्या हाताने हाताळून समजून घ्यायला हव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही. पडद्यावर ‘रेडी’ची खूण उजळलेली असेल आणि गिअर पडलेला असेल, तर ॲक्सिलरेटरवर पाय पडताच ती निघते, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळत असल्यामुळे झटक्यात निघते. त्या वेळी कोणी डिकीत वाकलेले असले किंवा सीट सरकवत असले तर काय होईल, हे सांगायला नको. आमच्याकडे सामान चढवताना, सीट मागेपुढे करताना आणि मुलांना बसवताना गाडी ‘पार्क’मध्ये, हँडब्रेक लावलेली आणि ‘रेडी’ची खूण विझलेली असते.

दुसरे असे, की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर जनित्राचे काम करू लागते आणि ब्रेकला पाय न लावताही गाडी हळू होते. त्यामुळे मागच्या सीटवर सहज ठेवलेली पिशवी पेट्रोलच्या गाडीत जागेवर राहिली असती, ती इथे खाली येते. आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

गुऱ्हाळवाट

फार गरजेचा विषय काढलात. आमचे गाव पन्हाळा तालुक्यात आहे आणि हंगामात पुण्याच्या नातेवाइकांना गूळ पोचवणे हे दरवर्षीचे काम, म्हणून सामानाबद्दल लिहितो.

दहा किलोचा गुळाचा रवा (ढेप) मागच्या सीटवर ठेवून लोक बिनधास्त महामार्गाला लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे तो रवा जागच्या जागी धरून ठेवायला दोनशे किलोचा जोर लागेल, आणि तो न मिळाल्यास रवा पुढे बसलेल्याच्या पाठीवर किंवा मानेवर येईल. म्हणून जड वस्तू डिकीत, अगदी तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावी. हलक्या वस्तू तिच्यावर ठेवाव्यात, पण त्यांची रास सीटच्या पाठीपेक्षा उंच जाऊ देऊ नये. काकवीचे डबे मी दोरीने डिकीतल्या कड्यांना बांधतो. ती कडी त्यासाठीच असतात, तरी आमच्याकडे त्यांचा उपयोग करणारा माणूस क्वचितच भेटतो.

चार्जिंगची केबल डिकीत सुटी टाकू नये. तिचे वेटोळे करून ती पिशवीत घालावी आणि पावसात वापरली असेल तर पुसून कोरडी करावी. बहुतेक विजेच्या गाड्यांत डिकीच्या फळीखाली पंक्चरचे साहित्य किंवा धोक्याचा त्रिकोण असतो. वर सामान रचण्यापूर्वी त्रिकोण बाहेर काढून हाताशी ठेवावा, कारण अडचणीच्या वेळी रस्त्याच्या कडेला सगळी डिकी उपसत बसणे हेच मोठ्या धोक्याचे असते.

पाण्याची बाटली चालकाच्या पायाशी कधीही ठेवू नये. ती घरंगळत ब्रेकखाली गेली, की ब्रेक दाबलाच जात नाही.

रंकाळ्याकाठी

गुऱ्हाळवाट काका, बाटलीचा मुद्दा आज रात्रीच घरच्यांना वाचून दाखवते. आमच्याकडे दाराच्या कप्प्यात छत्री, हिशेबाची वही आणि बाटली असे सगळे एकत्र कोंबलेले असते.

मला पट्ट्याबद्दल लिहायचे आहे. सासूबाई नऊवारी नेसतात आणि पट्टा पोटावर टोचतो म्हणून तो काखेखालून घेत असत. आमच्या डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले, की काखेखालच्या पट्ट्याचा सगळा जोर बरगड्यांवर येतो, आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, खालचा पट्टा पोटावर नव्हे तर कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे. पदराचा बोळा पट्ट्याखाली राहिला तर पट्टा ढिला बसतो, म्हणून आता त्या आधी पदर नीट करतात आणि मगच पट्टा ओढतात. माझ्या जाऊबाई गरोदर आहेत. त्यांनाही हेच सांगितले आहे, की खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर सपाट बसवावा आणि वरचा पट्टा पोटाच्या बाजूने जाऊ द्यावा. बाळाला त्रास होईल म्हणून पट्टाच न लावणे हा सर्वांत चुकीचा उपाय आहे.

उद्यमनगरी

माझे काम गाड्यांच्या दुरुस्तीचे आहे, म्हणून सनरूफबद्दल सांगतो.

चैत्र यात्रेनंतर जोतिबाहून येणाऱ्या गाड्यांचे सनरूफ अडकल्याच्या तक्रारी हमखास येतात. काच उघडली, की दोन्ही बाजूंच्या रुळांत गुलाल बसतो. रुळांना ग्रीस असते. गुलाल त्यात कालवला जाऊन गुलाबी लगदा होतो आणि खोबऱ्याचा एखादा तुकडा कोपऱ्यात अडकतो. काच अर्ध्यावर थांबते किंवा अडथळा आहे असे समजून पुन्हा मागे जाते. अशा वेळी बटण वारंवार दाबून मोटरला झुंजवू नये. गाडी थांबवावी, मऊ ब्रशाने आणि कोरड्या कापडाने रूळ साफ करावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच वंगण लावावे. घरातले खोबरेल तेल लावू नये, कारण त्यावर धूळ आणखी चिकटते.

सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांत निचऱ्याची छिद्रे असतात. तिथून बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात आणि पाणी गाडीखाली सोडतात. काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवत नाही. थोडे पाणी आत येणार आणि या नळ्यांनी निघून जाणार, अशीच ती रचना आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या पाने आणि मोहोर यांनी तुंबतात आणि जुलैत पाणी छताच्या कापडातून आत टपकते. विजेच्या गाडीत गालिच्याखाली तारांचे जोड असतात, तिथे ओल साठणे बरे नव्हे. पावसाळ्यापूर्वी कोपऱ्यात थोडेसे पाणी ओतून ते गाडीखाली पडते का, हे पाहावे. हवेच्या जोरदार दाबाने नळी फुंकू नये. ती आतल्या आत निसटते.

आता मुलांबद्दल. अडथळा आला की काच उलटी फिरावी अशी सोय असते, परंतु काच बंद होत येण्याच्या अखेरच्या टप्प्यात ती सोय अडथळा ओळखेलच असे नाही आणि बारीक बोट तिच्या लक्षात येईल याची खात्री नसते. काही गाड्यांत तोंडी आज्ञेने काच हलते, म्हणजे मागे बसलेले मूलही ती हलवू शकते. शिवाय गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ सनरूफ चालू राहते. म्हणून मुलांना आत सोडून उतरू नये. आणि चालत्या गाडीत छतातून बाहेर उभे राहणाऱ्याला कुठलाही पट्टा वाचवू शकत नाही. एक ब्रेक लागला, की काचेची कड पोटात बसते किंवा माणूस बाहेर फेकला जातो. लग्नाच्या वरातीतसुद्धा हे करू नये, असे मी प्रत्येक ग्राहकाला हात जोडून सांगतो.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

उद्यमनगरी, एक विचारायचे होते. नव्या गाडीला जाड सीट कव्हर शिवून घ्यायचे आहे. काही अडचण आहे का?

उद्यमनगरी

गाडीच्या पुढच्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लेबल आहे का, ते आधी पाहावे. असेल, तर बाजूची एअरबॅग त्या शिवणीतूनच उसवून बाहेर येते. वरून घट्ट कव्हर घातले तर तिला उशीर होतो किंवा ती चुकीच्या दिशेला फुगते. त्या बाजूची शिवण सुटू शकेल असे, खास त्याच गाडीसाठी बनवलेले कव्हरच घ्यावे. तसे मिळत नसेल तर कव्हरच नको. कव्हर बसवणाऱ्याने सीटखालच्या पिवळ्या जोडांना हात लावता कामा नये. पिवळे जोड एअरबॅगच्या तारांचे असतात. त्याच कारणासाठी सीटखाली पडलेला मोबाईल ओढून काढू नये. गाडी बंद करून, सीट सरकवून, दिसेल तिथूनच काढावा. रुळांच्या कडा बोटे कापण्याइतक्या धारदार असतात, हे वेगळेच.

राजारामपुरीची_आई

मुलांसाठीच्या सीटबद्दल लिहिते. बाळाची मागे तोंड करून बसायची सीट पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर कधीही बसवू नये. एअरबॅग फुगली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. आम्ही ती मागे आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवण्यासाठी दिलेल्या कड्यांना जोडली आहे. दोन्ही बाजूंना ‘खट्’ असा आवाज आल्यावर आणि हिरवी खूण दिसल्यावरही मी ती दोन्ही हातांनी हलवून पाहते. मांडीवर घेतलेले मूल धडकेत हातात राहत नाही. वर काकांनी मांडलेला वीसपटीचा हिशेब आपल्या बाळाच्या वजनाला लावून पाहावा, म्हणजे आजीआजोबांनाही ते पटते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सुरक्षित सीट नसेल तर कलम १९४ बी खाली एक हजार रुपये दंड आहे. दंडापेक्षा मुलाचा जीव महत्त्वाचा, हे खरेच आहे. तरी ‘एवढ्याशा अंतराला कशाला’ म्हणणाऱ्या मंडळींना कायद्याचा दाखला उपयोगी पडतो.

निवृत्त_शिक्षक

तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना वापरण्यासाठी खुले ठेवले. इतक्या उदार हेतूने सर्वांच्या हाती आलेली वस्तू आपण खोट्या क्लिपने निकामी करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी पट्ट्याची आठवण करून देणारा गजर सक्तीचा झाला. तो बंद पाडण्यासाठी, पट्टा न लावता खाचेत अडकवायच्या नुसत्या क्लिपा बाजारात आल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या तेरा हजारांहून अधिक जाहिराती उतरवल्या गेल्या.

मागच्या सीटवरचा पट्टाही तितकाच आवश्यक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ झालेल्या अपघातात मृत्यू पावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. त्यानंतर काही दिवस आमच्या ओळखीचे सगळे मागे बसूनही पट्टा लावत होते. ती सवय टिकायला हवी होती.

फोंडाघाट_उतरून

मालवणहून सुरमई आणायला पुढचा कप्पा फार सोयीचा आहे, असे माझे मत आहे.

रंकाळ्याकाठी

फोंडाघाट दादा, सुरमई आणाल तेव्हा आम्हालाही कळवावे. पण वास राहत नाही का?

फोंडाघाट_उतरून

ताई, घट्ट झाकणाच्या बर्फाच्या डब्यात ठेवली तर राहत नाही. कप्प्याच्या तळाला काही गाड्यांत निचऱ्याचे बूच असते, काहींत नसते, म्हणून तो धुताना बादलीभर पाणी ओतू नये. ओल्या फडक्याने पुसावा. कप्प्याच्या आजूबाजूला नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर त्या उच्च दाबाच्या विजेच्या असतात. त्यांच्यापासून दूर राहावे. झाकणाच्या आत वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळावी. झाकण लावताना सामान वर आलेले नाही ना ते पाहावे, दोन्ही हातांनी दाबावे आणि पडद्यावर झाकण उघडे असल्याची खूण राहिली नाही याची खात्री करावी. अर्धवट लागलेले झाकण महामार्गावर वाऱ्याने उचलले गेले, तर समोरचे काहीच दिसत नाही. लपाछपीच्या खेळात मुले त्या कप्प्यात शिरू शकतात, म्हणून घरी गाडी उभी असताना तो बंदच असावा.

गुऱ्हाळवाट

सीटच्या पाठीबद्दल राहिलेच. काही विजेच्या गाड्यांत मागची पाठ १३५ अंशांपर्यंत कलते. चार्जिंग होईपर्यंत पडून राहायला ते उत्तम आहे, पण धावत्या गाडीत तसे झोपू नये, कारण शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा पोटावर किंवा गळ्याशी येतो. निघण्यापूर्वी पाठ सरळ करावी आणि डोक्यामागची उशी डोक्याच्या वरच्या कडेइतकी उंच घ्यावी. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावे.

करवीरनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी वहिनींनी आणि मी मागची सीट पाडून पुन्हा उभी केली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पाठ उभी करताना पट्टा तिच्यामागे अडकू शकतो आणि वरून पाहता सगळे जागेवर आहे असे वाटते. आमच्या गाडीत पाठ नीट अडकली नसेल तर कुलपाशेजारी लाल पट्टी दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत पाठ मागे दाबायची आणि मग तिन्ही पट्टे एकेक करून पूर्ण ओढून पाहायचे. मधल्या प्रवाशाचा पट्टा चुकून शेजारच्या खाचेत तर बसत नाही ना, हेही तपासावे. आमच्याकडे तो बसत नाही, पण पूर्वीच्या गाडीत बसत असे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

उद्यमनगरी, लेबल पाहिले. दोन्ही पुढच्या सीटवर आहे, त्यामुळे कव्हरचा विचार सोडला. एक शेवटचे विचारतो. गाडीची लहान बॅटरी बदलल्यापासून सनरूफ बटण एकदा दाबल्यावर पूर्ण बंद होत नाही. थोडे थोडे सरकते.

उद्यमनगरी

ही लहान, बारा व्होल्टची बॅटरी काढली की काचेची शेवटची जागा यंत्राच्या स्मरणातून जाते. बहुतेक गाड्यांत बंद करण्याचे बटण दाबून धरल्यावर काच पूर्ण बसते आणि ती जागा पुन्हा नोंदली जाते; आपल्या गाडीचा नेमका क्रम पुस्तिकेत सनरूफच्या प्रकरणात मिळेल. हे करताना अडथळा ओळखण्याची सोय काम करत नसते, म्हणून गाडीत दुसरे कोणी नसताना करावे. उद्या सकाळी दुकानावर आलात तर दहा मिनिटांत करून देईन.