एका बटणावर शोर्युकेन: खेळ सोपा झाला की स्वस्त?

बटणबहाद्दर: स्ट्रीट फायटर ६ (२०२३) या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये 'मॉडर्न', म्हणजे सोपे कंट्रोल आले आणि शोर्युकेन, म्हणजे उडी घेत वर हाणायचा ठोसा, एका बटणावर आला. 'क्लासिक', म्हणजे जुने कंट्रोल वापरणाऱ्याने मात्र स्टिकने पुढे-खाली-तिरकं-ठोसा करत बसायचं. शॉर्टकटने मारलेल्या स्पेशलचं, म्हणजे अशा खास फटक्याचं, डॅमेज (इजा) २० टक्के कमी, मान्य. पण समोरचा उडी मारून येतोय तेव्हा खरी चणचण वेळेची असते आणि तोच फुकट मिळतो. बोटांची मेहनत हा स्पर्धेचाच भाग आहे. २००४ च्या इव्हो स्पर्धेत केन हे पात्र घेऊन खेळणाऱ्या दाइगोने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा अख्खा सुपर (सगळ्यात मोठा हल्ला) पॅरी केला, म्हणजे एकेक फटका इजा न होता परतवला. केनमध्ये जेमतेम जीव उरलेला, नुसता ब्लॉक केला असता तरी चिप डॅमेजने, म्हणजे ब्लॉक करूनही होणाऱ्या किरकोळ इजेने, गेला असता. सोपं असतं तर आज कुणाला आठवलं असतं?

चिंचोका: उदाहरण तुमच्यावरच उलटलं की राव! तो सामना ज्या गेमवर झाला त्या थर्ड स्ट्राइकमध्ये पॅरी म्हणजे स्टिक पुढे टेकवायची, बस. इनपुट, म्हणजे बोटांनी द्यायची कमांड, पोरखेळ आहे. अवघड होतं ते टायमिंग, आणि वाँग आता सुपर टाकणार हे आधीच ओळखणं.

बटणबहाद्दर: टायमिंग बोटांशिवाय होतं का?

चिंचोका: नाही, पण ते समोरच्याकडे बघून साधायचं असतं. स्ट्रीट फायटर ४ मधल्या एका फ्रेमच्या लिंक, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात पुढचा फटका जोडणं, कुणाकडे बघून मारायच्या? ट्रेनिंग मोडमध्ये एकट्याने घोटायच्या.

गाइलभक्त: तुम्ही दोघंही सगळी इनपुटं एकाच गोणीत भरताय. गाइल या पात्राचा दुरून फेकायचा मारा, सॉनिक बूम घ्या. स्टिक मागे धरून ठेवायची, मग पुढे आणि ठोसा. शेंबडं पोरही करेल. पण स्टिक अशी मागे धरून चार्ज धरलाय तोवर पुढे चालता येत नाही. पाऊल टाकलंत की बूम गेला, समोरच्यालाही ते दिसतं आणि तो लगेच घुसतो. झांगीफ या पैलवान पात्राचं ३६०, म्हणजे स्टिक गोल फिरवून मारायची पकड, तसंच. स्टिक वरून फिरते, म्हणून उभ्या उभ्या मारायला गेलात तर गडी उडीच मारतो. मग ते दुसऱ्या कुठल्या तरी हालचालीत लपवावं लागतं. ही अडचण काढा, पात्रच बदलेल. एका फ्रेमची लिंक सोपी केली तर काय बदलतं?

बटणबहाद्दर: बदलतं ना! फायनलला हात थरथरत असताना अवघड कॉम्बो (फटक्यांची साखळी) लावायचा की सोप्यावर भागवायचं, हाही डावच आहे.

गाइलभक्त: हे पटलं. पण मग मॉडर्नवर राग का? तिथेही कमांड हाताने मारली की पूर्ण डॅमेज मिळतं. तुमचा हा डाव गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने त्यातही ठेवलाय.

चिंचोका: आणि मॉडर्नमध्ये काही साधे ठोसे-लाथा मिळतच नाहीत, त्याबद्दल कुणी रडत नाही.