कोंबड्यांची घरघर, शिंका, धाप : तुमचे अनुभव सांगा

अंगणवाली
काल रात्री खुराड्याचं दार लावायला गेले आणि आतून शिंक ऐकू आली. एकच, बारीक. तशीच अंधारात उभी राहिले. दहा मिनिटं काहीच नाही. धूळ गेली असेल नाकात. पण मग झोप काही लागली नाही, चंपी आठवत राहिली.

चंपी माझी पहिली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी. चार वर्षांपूर्वी तिचं असंच एका शिंकेवर सुरू झालं. दिवसा खायची, मातीत लोळायची, त्यामुळे मी निर्धास्त. रात्री दांडीवर बसली की मात्र घशातून घरघर, फाटक्या भात्याची पेटी वाजवावी तशी. मग डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसायला लागला. "सर्दी आहे, जाईल" म्हणत मी आठवडा घालवला. तेवढ्यात उरलेल्या पाचांपैकी तिघींना लागलं. डॉक्टरांनी मायकोप्लाझ्मा, म्हणजे श्वासाचा जिवाणूंचा रोग सांगितला, पाण्यातून टायलोसिन हे प्रतिजैविक दिलं. त्या तिघी सावरल्या. चंपी गेली. तो आठवडा मला अजून टोचतो.

तेव्हापासून रोज दार लावायच्या आधी मिनिटभर कान देऊन उभी राहते. दिवसाच्या कलकलाटात घरघर ऐकूच येत नाही. तुमच्याकडे काय झालं, कशावरून ओळखलंत, कशाने उतार पडला, लिहा ना.

खुडूक
वास घ्या. तोंडाजवळ नाक नेऊन. आमच्याकडे डोळ्याखाली बोराएवढी सूज, नाकातून चिकट पाणी आणि असा कुजका वास की हात धुतला तरी जाईना. कोरायझा, कोंबड्यांची जिवाणूंमुळे होणारी सांसर्गिक सर्दी. तीन दिवसांत निम्म्या खुराड्याचे चेहरे सुजले. प्रतिजैविकाने उतरलं, सगळ्या खायला लागल्या, आम्ही खूश. चार महिन्यांनी दोन नवीन तलंगा आणल्या आणि आठवड्यात त्यांचे चेहरे तसेच. बऱ्या झालेल्या कोंबड्या रोग अंगात बाळगून राहतात, हे तेव्हा कळलं.

दाणापाणी
अंगणवाली ताई, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडेही एक चंपी आहे, पण ती मांजर :)

सकाळची_घाई
भाजी परतता परतता लिहितेय. उन्हात चोच उघडून धापा टाकतात तो आजार नव्हे हो. त्यांना घाम येत नाही आणि अंगचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, मग उष्णता तोंडावाटेच टाकणार. पंखही अंगापासून लांब धरतात. सावली आणि गार पाणी मिळालं की थोड्या वेळात चोच मिटते. पहाटेच्या गारव्यातही तोंड उघडंच असेल, किंवा श्वासागणिक शेपटी खालीवर होत असेल, तर मात्र थांबू नका. गॅसवर करपतंय, आले.

गोठ्यामागे
आमचं प्रकरण वेगळंच होतं. दोन महिन्यांची पिल्लं मान लांब करून तोंड वासायची, जांभई दिल्यासारखं, आणि मग डोकं झटकायची. शिंक नाही, नाकाला पाणी नाही, डोळे स्वच्छ. मी सर्दीचंच समजून पाण्यात कुणी सांगितलेलं काय काय घालत बसलो. एक पिल्लू मेलं ते डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्यासमोर श्वासनळी उभी चिरली. आत लाल दोऱ्याचे तुकडे असावेत तसे जंत चिकटलेले, प्रत्येक तुकडा इंग्रजी वाय अक्षरासारखा. नर आणि मादी कायमचे जोडलेले असतात म्हणून तसे दिसतात म्हणाले. एवढीशी नळी, त्यात हे, पिल्लू श्वास घेणार कुठून? गांडुळं आणि गोगलगायींतून पोटात जातात. पिल्लं खतापाशीच दिवसभर उकरायची, तिथेच मिळाले. वजनावर हिशोब करून फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं. उरलेली सात वाचली.

मेलेलं पाखरू पुरण्याआधी डॉक्टरांना दाखवा, एवढं कळकळीने सांगतो. त्या एका पिल्लाने बाकीची वाचवली.

पिसंच_पिसं
@गोठ्यामागे, टॉर्च मारून घशात दिसत नाहीत का हे जंत?

गोठ्यामागे
मला तर नाही दिसले. खाली नळीत असतात.

पिसंच_पिसं
ओके. मी वेड लागल्यासारखी रोज सगळ्यांची तोंडं उघडत होते 😅 बिचाऱ्या.

जिना_उतरून
तोंडं उघडताना जपून ताई. माझ्याकडून झालंय ते सांगते. कोंबडीला औषध पाजायचं म्हणून मी तिला काखेत घट्ट आवळून धरलं, हलू नये म्हणून. तिचा तुरा बघता बघता जांभळा पडला. सोडल्यावर बऱ्याच वेळाने उभी राहिली. डॉक्टर रागावले. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवेच्या पिशव्या भरतात. छाती दाबली की श्वास बंद. पंख धरा, छाती मोकळी ठेवा. आणि सिरिंजने थेट घशात पाणी मारू नका. जिभेच्या मुळामागे जी छोटी फट उघडझाप करताना दिसते, तो श्वासाचा रस्ता. चोचीच्या कडेला एक एक थेंब सोडायचा, ती स्वतः गिळते. लहान मुलं प्रेमाने कवटाळतात तेव्हाही लक्ष ठेवा.

सकाळची_घाई
हे माहीतच नव्हतं! नातू रोज छातीशी धरतो. आजच सांगते.

फळीवरचा_दिवा
आमच्याकडे रोग नव्हताच. थंडी पडली म्हणून मी खुराड्याच्या सगळ्या फटी गोणपाटाने बुजवल्या. पंधरा दिवसांत सगळ्यांचे डोळे लाल, शिंका, खाणं कमी. औषध आणायला निघालो होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, आधी आत बसून बघा. गुडघे टेकून कोंबडीच्या उंचीला नाक नेलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. उभं असताना काही जाणवत नव्हतं. खाली अंथरलेल्या ओल्या भुशातून अमोनिया वायू सुटत होता. साधारण २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) पुढे गेला की त्यांचे डोळे आणि श्वासनळी होरपळते, आणि मग खरे रोगजंतू सहज शिरतात. भुसा सगळा काढला, कोरडा घातला, दांडीच्या वर वाऱ्याला वाट ठेवली, झोत अंगावर येणार नाही अशी. आठवड्यात डोळे निवळले. एक गोळी नाही लागली.

आणि भुशाला बुरशीचा वास येत असेल तर तो घालूच नका. बुरशी फुप्फुसात बसली की त्यावर धड औषध नाही. माझ्या भावाची अख्खी पिल्लावळ गेली त्यात.

नवी_कोंबडीवाली
मध्येच विचारते, माझी एक कोंबडी तीन आठवडे खुडूक बसून आहे, उठतच नाही, काय करू?

खुडूक
मला बोलावलंत का 😄 खाली अंडी नसतील तर घरट्यातून काढून तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा तीन-चार दिवस. दाणापाणी आतच द्या.

दाणापाणी
औषध चालू असताना अंडी खायची का? सासूबाई म्हणतात उकडली की चालतं.

जिना_उतरून
नाही चालत. उकडून औषध जात नाही. किती दिवस टाकायची ते औषधागणिक वेगळं, डॉक्टरांना विचारा. मागच्या वेळची उरलेली पुडीही अंदाजाने देऊ नका. विषाणू असेल तर तिचा उपयोगही नाही.

पिसंच_पिसं
हो, आमचं तेच झालं. शिंका दहा-बारा दिवसांत आपोआप थांबल्या, पण अंडी सुरकुतलेली यायला लागली, कवच पातळ, फोडलं की पांढरं पाण्यासारखं पसरायचं. ब्राँकायटिस, विषाणूचा. ऊब, विश्रांती, चांगलं खाणं, एवढंच हातात. दोघींची अंडी पुन्हा कधीच नीट आली नाहीत. ठेवल्यात तरीही, माझ्याच आहेत त्या.

जुना_दांडा
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. धापेबरोबर हिरवट हगवण, पंख लुळे, मान वाकडी होत असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. उपचार नाही, लसच. पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब, मग पुढचे डोस. आमच्या वडिलांनी एका पावसाळ्यात चाळीस पाखरं घालवली. मी तेव्हा शाळेत होतो, रिकामं खुराडं अजून डोळ्यांपुढे आहे. मी एकही लस चुकवत नाही.

आणि एक-दोन दिवसांत धडाधड मरायला लागल्या, तुरे काळेनिळे पडले, तर हात लावू नका, कापू नका, कुणाला देऊ नका. तशीच पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्या. बर्ड फ्लूही असू शकतो. लाजेपोटी लपवतात लोक, फार वाईट वाटतं.

सकाळची_घाई
भाजी वाचली. दादा, चाळीस म्हणजे केवढं हो.

अंगणवाली
सगळं वाचलं, दोनदा. आज सकाळी एकेकीचे डोळे, नाक पाहिलं, वासही घेतला. राखीच्या नाकपुडीवर दाण्याचं पीठ चिकटलेलं होतं. काल नवीन पोतं उघडलंय, तळाला नुसती भुकटी. आज पाणी शिंपडून दिलं. तरी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलंय, भांडंही वेगळं. फळीवरचा दिवा म्हणाले तसं गुडघे टेकून आत डोकं घातलं, कोपऱ्यातला भुसा ओला निघाला. उद्या सगळा बदलते.

अंधार पडला. दार लावायला जाते, आज दोन ठिकाणी कान द्यायचाय.