शब्दचर्चा : फाऊल झाल्याची 'बतावणी'

प्रश्न : बास्केटबॉलच्या नियमांचे मराठी भाषांतर करताना एका शब्दापाशी अडलो आहे. धक्का लागलेला नसताना किंवा जेमतेम लागलेला असताना खेळाडू मान झटकतो, अंग टाकून देतो आणि पंचांनी प्रतिस्पर्ध्याला फाऊल द्यावा म्हणून पाहतो. एनबीएच्या (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीग) नियमांत याला 'फ्लॉप' आणि फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत 'फेक' म्हटले आहे. मराठीत 'सोंग' चालेल का?

उत्तर : 'फ्लॉप' म्हटले की मराठी वाचकाला आपटलेला चित्रपट आठवतो, आणि 'फेक' तर आपल्या 'फेकणे'शीच जाऊन भिडतो, ज्या खेळात चेंडू सतत फेकला जातो, त्यात 'फेकीबद्दल ताकीद' वाचून कोणीही गोंधळेल. शिवाय चेंडू टाकण्याचा आविर्भाव करून बचावपटूला उडी मारायला लावणे यालाही 'फेक'च म्हणतात, पण ती नियमात बसणारी चाल आहे आणि तिच्यासाठी 'हूल' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. हूल प्रतिस्पर्ध्याला दिली जाते. इथे मात्र फसवायचे असते ते पंचांना.

'सोंग' मला पुरेसे वाटत नाही. झोपेचे सोंग घेणारा मुळीच झोपलेला नसतो. इथे मात्र धक्का खरोखर लागलेला असूनही तो फुगवून दाखवलेला असू शकतो. एनबीएच्या पंचांना एकाच प्रसंगात एका खेळाडूला फाऊल आणि दुसऱ्याला फ्लॉपची शिक्षा, असे दोन्ही निर्णय देता येतात, ते याचमुळे. 'कांगावा' या शब्दात अतिशयोक्ती आहे, पण तो तोंडाने केला जातो आणि कांगावा करणाराच मूळ दोषी असल्याचे त्यात गृहीत असते.

म्हणून मी 'बतावणी' सुचवतो. बतावणे म्हणजे दाखवणे, आणि दाखवायला समोर पाहणारा लागतो. नियमाचा रोखही तिथेच आहे : पंचांकडून फाऊल मिळवण्याच्या हेतूने केलेली हालचाल. एनबीएने 2012-13 च्या हंगामात सामन्यानंतर चित्रफीत पाहून आधी ताकीद आणि मग 5,000 डॉलरपासून वाढत जाणारा दंड, अशी पद्धत आणली. 2023-24 पासून पंच सामन्यातच टेक्निकल फाऊल (अंगाला अंग लागण्याशी संबंध नसलेल्या नियमभंगाबद्दलचा फाऊल) देतात व प्रतिस्पर्धी संघाला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी, मिळतो. त्यासाठी चालू खेळ लगेच थांबवण्याचे बंधन पंचांवर नाही, आणि केवळ या फाऊलमुळे खेळाडूला सामन्याबाहेर काढले जात नाही. फिबाच्या पद्धतीत पंच कोपरापासून पुढचा हात दोनदा वर उचलून बतावणीची खूण करतात आणि ताकीद देतात; त्यानंतर पुन्हा तसेच घडले तर टेक्निकल फाऊल. बतावणी उघडउघड अतिरेकी असेल तर ताकिदीविनाही तो देता येतो.

प्रश्न : मग 'फाऊलची बतावणी' असे लिहू का?

उत्तर : तसे लिहू नये. त्यातून खेळाडूने स्वतः फाऊल करण्याचा आव आणला, असा अर्थ निघू शकतो. 'फाऊल झाल्याची बतावणी' असे पूर्ण लिहावे. त्याच परिच्छेदात पुढे नुसते 'बतावणी' पुरेल. आणखी एक जपावे : जो बचावपटू नियमानुसार जागा घेऊन उभा आहे आणि आक्रमकाची धडक छातीवर बसल्यामुळे खरोखरच कोसळला आहे, त्याच्या पडण्याला हा शब्द लावू नये. तिथे 'धडक झेलून पडला' असेच लिहावे, कारण त्या प्रसंगी फाऊल आक्रमकाचा असतो.