बेसमेंटच्या भिंतीला आडवी भेग आणि थोडं पोट: आधी काय करू?

गोदाकाठ | 16 मार्च

नमस्कार. ओहायोतल्या कोलंबसहून लिहितेय. घर 1961 सालचं, आम्ही 2021 मध्ये घेतलं. खाली पूर्ण बेसमेंट, भिंती पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या, एकूण अकरा थर. मुलीच्या तबल्यासाठी खाली खोली करायची म्हणून गेल्या शनिवारी उत्तरेच्या भिंतीवरची जुनी लाकडी पॅनेलं उतरवली आणि मागचं बघून पोटात गोळा आला.

भिंत तीस फूट लांब आहे. वरून चौथ्या थराखालच्या सांध्यात आडवी भेग आहे, जवळजवळ वीस फूट. मधल्या भागात पंचवीस सेंटचं नाणं कडेने आत जातं, टोकांकडे जात नाही. दोन्ही कोपऱ्यांजवळ हीच भेग पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाते. खालच्या दोन थरांवर लोणा लागलाय, हात फिरवला की पांढरी भुकटी येते. आधीच्या मालकाने जाड पांढरा रंग फासलाय, त्याचे पोपडे सुटलेत.

माझे बाबा परभणीला गवंडीकाम करायचे. त्यांचा पितळी ओळंबा माझ्याकडे आहे, इकडे येताना आठवण म्हणून आणला होता. तो वरच्या तुळईला टांगला. दोरीपासून भिंत वर दोन इंच, भेगेपाशी सव्वा इंच, तळाशी पुन्हा दोन इंच. म्हणजे भिंतीने पाऊण इंच पोट काढलंय.

एका कंपनीचा माणूस फुकट तपासणीला आला. वीस मिनिटांत 18,500 डॉलरचा कागद पुढे केला: आतून पाणी काढायला चर आणि पंप, भिंत धरायला कार्बन फायबरच्या पट्ट्या. आजच सही केलीत तर दहा टक्के सूट म्हणाला. दुसऱ्या कंपनीचा म्हणतो पट्ट्या नकोत, लोखंडी खांबच हवेत. दोघांपैकी एकानेही ओळंबा सोडा, साधी लेव्हलपट्टीसुद्धा लावली नाही. नवरा म्हणतो, बाहेरून खणून बघू.

परभणीच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात मिटतात, हे बघत मोठी झाले. घरांच्या भिंतीही तशाच तडकायच्या. पण जमिनीखालच्या भिंतीचा मला काहीच अनुभव नाही. भिंत पडेल का? आणि सुरुवात कुठून करू?

---

जर्सीकर_एडिसन | 16 मार्च

आमच्याकडेही भेग होती, पण वेगळी. भिंत ओतीव काँक्रीटची आणि भेग उभी, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली आलेली, केसाएवढी. पाऊस झाला की त्यातून पाणी झिरपायचं. पॉलियुरेथेनचं किट आणून मीच भरली. भेगेवर दर आठ इंचांवर प्लास्टिकच्या तोट्या चिकटवायच्या, मधली भेग वरून लेपाने बंद करायची आणि सगळ्यात खालच्या तोटीपासून दाबत वर यायचं. वरच्या तोटीतून द्रव डोकावला की खालची बंद करून वरची धरायची. पाणी लागलं की तो फेसाळून फुगतो आणि रबरासारखा बसतो. चार वर्षं झाली, थेंब नाही.

तुमच्या भिंतीला हे करू नका मात्र. ब्लॉक पोकळ असतात, सगळा माल आतल्या पोकळीत पडून जाईल.

---

निवृत्त_अभियंता_मिशिगन | 17 मार्च

ताई, ओळंबा लावलात हे फार चांगलं केलंत. त्या तीन मापांवरून आपण नीट बोलू शकतो. सही करू नका, एवढं आधी सांगतो. पाऊण इंच पोट आलेली आणि तळाशी न सरकलेली भिंत आज-उद्या पडत नाही. विचार करायला वेळ आहे.

भेग कुठल्या दिशेने जाते त्यावरून कारण कळतं. ओतीव भिंतीतली उभी, बारीक भेग बहुतेक वेळा काँक्रीट सुकताना आकसल्याची असते, जर्सीकरांची तशीच. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला मिटत जाणारी तिरपी भेग दिसली तर पाया एका बाजूला बसतोय का ते बघायचं. तुमची आडवी आहे. ती बाहेरच्या मातीच्या दाबाची.

भिंत खाली फरशीला टेकलेली असते, वर तुळयांना. मध्ये तिला कोणी धरत नाही. बाहेरून ढकललं की ती मध्यावर आत वाकते, आतली बाजू ताणली जाते. ब्लॉकचं बांधकाम दाब पुष्कळ सोसतं, ताण जवळजवळ नाहीच. त्यामुळे आतल्या बाजूचा आडवा सांधा उघडतो. कोपऱ्यात आडव्या येणाऱ्या भिंती धरून ठेवतात, म्हणून तिकडे भेग सरळ न जाता पायऱ्यांनी उतरते. तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं.

आता ढकलतं कोण? तुमच्या भागातली चिकणमाती तुमच्या काळ्या मातीच्या नात्यातली आहे. एवढी फुगत नाही, पण ओली झाली की फुगते आणि पाणी सोडत नाही. तिकडे पायासाठी थंडी जमिनीत 32 इंच खोल जाते असं धरतात, म्हणजे मातीचा एवढा थर गोठू शकतो आणि गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. तुमची भेग त्याच पट्ट्यात आहे. शिवाय नुसत्या पाण्याचा हिशोब करा. पाण्याचं वजन घनफुटाला 62.4 पौंड. बाहेर सहा फूट माती पाण्याने भरली तर भिंतीच्या दर फूट लांबीवर फक्त पाण्याचा दाब 1,120 पौंडांच्या वर जातो. तीस फुटांना साधारण पंधरा टन. माती वेगळी.

म्हणून पहिला खर्च भिंतीवर नाही, पाण्यावर. एक इंच पाऊस 1,000 चौरस फूट छपरावर पडला की 620 गॅलनच्या आसपास पाणी होतं. तुमच्या पन्हळीचा पाइप ते कुठे सोडतो? उत्तरेकडच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, असं उत्तर आलं तर मला नवल वाटणार नाही. पाइप दहा फूट लांब न्या. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरली पाहिजे. भराव चिकणमातीचाच घाला आणि धुमसाने ठोकून घ्या. बागेची भुसभुशीत माती किंवा लाकडाचा भुगा घातलात तर पाणी त्यातून थेट खाली भिंतीपाशी जाईल.

दुसरं, भिंत अजून हलतेय की जुनंच दुखणं आहे हे शोधा. आपल्याकडे जुने ओव्हरसियर काचपट्टी लावायचे. भेग ओलांडणारी पातळ काचेची पट्टी, एक टोक भेगेच्या वर, एक खाली, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवायची, त्यावर तारीख. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. तीन ठिकाणी लावा. तोवर भेग सिमेंटने भरू नका. भरली की भिंत काय सांगतेय ते दिसणं बंद होतं आणि पुढे भिंत मागे ढकलायची वेळ आली तर तोच माल आड येतो.

तिसरं, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर पैसे देऊन बोलवा. त्याला काही विकायचं नसलं पाहिजे, हे माझं चाळीस वर्षांच्या कामातलं ठाम मत आहे. त्याने लेखी दिलेल्या उपायावर मग कंपन्यांकडून दर मागवा.

पट्ट्या की खांब? कार्बनची पट्टी ताण सोसते, म्हणून वाकलेल्या भिंतीच्या आतल्या बाजूला ती अगदी योग्य. पोट दोन इंचांच्या आत हवं आणि भिंत तळाशी सरकलेली नको. सरकलेल्या भिंतीला ती थांबवू शकत नाही, तिथे लोखंडी खांब. त्याहून बिघडलं तर बाहेरून खणून भिंत नव्याने बांधायची. पट्टी वाकलेली भिंत सरळ करत नाही, आहे तिथे रोखते.

एक गोष्ट बघून सांगा: वरच्या तुळया या भिंतीला काटकोनात येतात की समांतर जातात?

आणि यजमानांना सांगा, खणू नका. पाच फुटांपेक्षा खोल चर आधाराशिवाय कोणी उतरायची जागा नाही. चिकणमातीची कड आवाज न करता बसते आणि माणूस कमरेपर्यंत गाडला गेला तरी त्याला ओढून काढता येत नाही.

---

गोदाकाठ | 17 मार्च

काका, तुमचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. फावडं गॅरेजमध्ये परत गेलं.

तुळया समांतर आहेत. आणि पाइप अगदी तिथेच सुटतो, ईशान्येच्या कोपऱ्यात, भिंतीपासून जेमतेम फूटभर. तिथेच आधीच्या मालकाने फुलझाडांचा वाफा केलाय, भोवती विटांची कड. बर्फ वितळतोय आणि वाफ्यात आज घोट्याएवढं पाणी उभं आहे. चार वर्षं मी तिथे झेंडू लावत होते.

अजून एक. मुलगी सांगत होती की खाली ठेवला की तबला उतरतो, पुडी ढिली पडते, रोज ठोकून वर चढवावा लागतो. मी म्हणायचे, नवीन पुडी आहे, बसेल हळूहळू. ती भिंतीची ओल होती.

---

निवृत्त_अभियंता_मिशिगन | 18 मार्च

समांतर तुळया म्हणजे भिंतीच्या डोक्याला आधार कमी. काटकोनात असत्या तर प्रत्येक तुळईने ढकल पेलली असती. समांतर असताना कडेची एकच तुळई ढकल घेते आणि तीही वाकते. इंजिनिअरला हे आवर्जून दाखवा. तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे बसवून तो दाब आतल्या तीन-चार तुळयांपर्यंत पोचवावा लागेल. स्वस्त काम आहे आणि बरेच जण ते विसरतात. पट्ट्यांची वरची टोकंही तिथे नीट बांधली जायला हवीत.

वाफा काढा. विटांच्या कडेने ते डबकंच झालंय.

---

कनेक्टिकट_मराठी | 20 मार्च

विषय थोडा वेगळा आहे, पण कोणी आमच्या बाजूला घर घेत असेल तर वाचावं. ईशान्य कनेक्टिकटमध्ये 1983 पासून पुढे बांधलेल्या बऱ्याच घरांच्या पायाच्या काँक्रीटमध्ये पायरोटाइट नावाचं खनिज आलंय. हवा-पाणी लागलं की ते आतल्या आत बदलतं, फुगतं आणि काँक्रीट पोखरतं. भेग बारीक सुरू होते, मग आडवी जाते किंवा नकाशासारखं जाळं पसरतं आणि दिसायला दहा-वीस वर्षंही लागतात. तिथे पाइप लांबवून किंवा पट्ट्या लावून भागत नाही. घर जॅकवर उचलून अख्खा पाया बदलावा लागतो. आमच्या शेजारच्यांचं घर उचललेलं मी पाहिलंय, खालून आरपार दिसत होतं. राज्याने यासाठी मदतीची सोय केली आहे. घर घेण्याआधी काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत तपासून घ्या. आम्ही घेतला, आणि ठरलेलं घर सोडलं.

---

जर्सीकर_एडिसन | 20 मार्च

विम्याचं कोणी लिहिलं नाही. मातीचा दाब, पाया बसणं, हळूहळू झिरपणारं पाणी हे साध्या घराच्या विम्यात सहसा येत नाही. तरी पॉलिसी काढून वाचा. आणि घर विकायची वेळ आली तर इंजिनिअरचा कागद आणि शहराचा परवाना दोन्ही हाताशी असू द्या.

---

गोदाकाठ | 29 जून

उशीर झाला, पण काय झालं ते लिहिते. पुढे कोणी शोधत आलं तर उपयोग होईल.

मार्चच्या शेवटी पाइप दहा फूट लांब नेला. वाफा उपसला, चिकणमाती आणून उतार केला. दोन शनिवार लागले, माती ठोकायला शेजारचे आजोबाही आले. 2 एप्रिलला तीन काचपट्ट्या लावल्या. जुन्या फोटोफ्रेमची काच कापून घेतली होती. एप्रिलमध्ये भरपूर पाऊस झाला. मी रोज टॉर्च घेऊन खाली जायचे. पहिल्या दोन आठवड्यांत पूर्वेकडची पट्टी तडकली, तेव्हा हातपाय गार पडले. तिच्या शेजारी दुसरी लावली, ती टिकली. मधली आणि पश्चिमेची अजून अखंड आहेत.

इंजिनिअरबाई मे महिन्यात आल्या, दीड तास होत्या. फी 450 डॉलर. त्यांनी लेसर लावला आणि पोट पाऊण इंचच निघालं. बाबांचा ओळंबा त्यांनी हातात घेऊन बघितला, वजन चांगलं आहे म्हणाल्या. त्यांचं लेखी मत असं: चार-चार फुटांवर कार्बनच्या सात पट्ट्या, तुळयांमध्ये ठोकळे, आतला चर आणि पंप आत्ता नको, आधी एक पूर्ण हिवाळा जाऊ दे.

तो कागद दाखवून तीन कंपन्यांकडून दर मागवले. काम 5,200 डॉलरमध्ये झालं, परवान्यासह. आधी भिंतीवरचा रंग ग्राइंडरने पार ब्लॉकपर्यंत घासून काढला. त्यावर इपॉक्सीचा हात, त्यावर कार्बनचं काळं कापड, रोलरने दाबून आतला वारा काढत काढत. वरची टोकं लोखंडी पट्टीने तुळयांना बांधली.

लोणा झाडून काढला होता, तो नवीन आलेला नाही. ह्युमिडिटी मीटर मार्चमध्ये 74 टक्के दाखवत होता, आता डीह्युमिडिफायर लावून 50 च्या आसपास. तबला काल रात्री खाली ठेवला होता. सकाळी सुरात होता.

पॅनेलं परत लावणार नाही, भिंत उघडीच ठेवणार. पुढचं काही दिसायला हवं.

---

निवृत्त_अभियंता_मिशिगन | 30 जून

बरं वाटलं वाचून. उघडी ठेवताय तेच बरोबर. खरी परीक्षा पुढच्या मार्चमध्ये, बर्फ वितळताना. तेव्हा त्याच तुळईला, त्याच खिळ्याला ओळंबा टांगा आणि तीन आकडे इथे लिहा.

---

गोदाकाठ | 30 जून

खिळा तसाच ठेवलाय, काका. लिहीन.