अमेरिकेचं जीएफसीआय सॉकेट नागपुरात कूलरला चालेल का?

बेसा_रोहाउस: घराचं वायरिंग सुरू आहे. मोठे भाऊ अमेरिकेतून येताना कूलर-बाथरूमसाठी जीएफसीआय सॉकेट (करंट गळाला की स्वतःच बंद होणारं) आणतो म्हणतात. ते ४ ते ६ मिलिअँपिअर गळतीवर तुटतं आणि आपली आरसीसीबी (बोर्डातला तसाच गळती-स्विच) ३० वर, म्हणून आपली कच्ची, असं त्यांचं मत. वायरमन म्हणतो, आरसीसीबी लावलीच तर इन्व्हर्टरमुळे सारखी ट्रिप होऊन राहील. काय करावं?

फेज_न्यूट्रल: सॉकेट आणू नका म्हणा. ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं आहे. आपल्या २३० वर आतलं सर्किट जळेल. तिकडे एकेका सॉकेटला वेगळं संरक्षण असतं, म्हणून ६ परवडतं. आपली आरसीसीबी बहुधा अख्ख्या घराला असते. फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर यांची किरकोळ गळती मिळूनच ६ च्या वर जाते.

आणि ३० म्हणजे अंगातून तेवढाच करंट जातो असं नाही. ओल्या हातानं २३० व्होल्टला धरलं तर शंभराच्या वरही जाईल. आरसीसीबी करंट नाही, वेळ कमी करते: ३० वर ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपटीवर ४० च्या आत. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर ती वाचवत नाही.

भाऊंना बोर्डाला हातही लावू देऊ नका. अमेरिकेत काळी तार फेज असते, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल!

धंतोली_वायरिंग: वायरमनचं निदान अर्धं बरोबर. इन्व्हर्टरला फेज आरसीसीबीच्या आधीच घेतात आणि पंखे-लाइटचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या कॉमन पट्टीवर ठोकतात. जाणारा करंट बाहेरून आणि परत येणारा आतून, मग ट्रिप होणारच. इन्व्हर्टरच्या सर्किटांना न्यूट्रलची वेगळी पट्टी, प्रत्येक बोर्डापर्यंत वेगळी तार आणि आउटपुटनंतर स्वतःची डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) ३० मिलिअँपिअर आरसीसीबी द्या. प्लास्टरच्या आधी हे काम शे-दोनशे मीटर तारेचं आहे, नंतर भिंती फोडण्याचं.

इन्व्हर्टर बॅटरीवर गेल्यावर आत न्यूट्रल तोडतो का, तेही तपासा. तोडत असेल तर लाइट गेल्यावर ती आरसीसीबी असून नसल्यासारखी.

तरीही ट्रिप झाली तर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, उपकरणांचे प्लग काढा, न्यूट्रल पट्टीवरून एकेक तार सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (तारेचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) अर्थशी, म्हणजे अर्थिंगच्या तारेशी तपासा. १ मेगओहमच्या खाली आलेलं सर्किट धरा.

काळी_माती: तपासणीतला फरक आकड्यांपेक्षा मोठा आहे. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराचं वायरिंग निदान ५ वर्षांतून एकदा तपासून घ्यावं लागतं. अमेरिकेत साधारणपणे भिंती बंद व्हायच्या आधी निरीक्षक तारा बघून जातो. इथे कनेक्शनच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट दिला की घरगुती वायरिंग पुन्हा सहसा कोणी उघडून बघत नाही. म्हणून रिपोर्टवर सही करण्याआधी मेगरचे आणि अर्थचे आकडे लिहून मागा.

अर्थ मे महिन्यात मोजा, ऑगस्टमध्ये नको. उन्हाळ्यात काळी माती आक्रसून अर्थच्या पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि आकडा चढतो. नेमका कूलरचा हंगामही तोच. कूलरला तीन कोअरचीच (फेज, न्यूट्रल आणि अर्थ) वायर हवी. बॉडीवरचा रंग खरवडून अर्थचा स्क्रू आवळा, रंगावर आवळलेला स्क्रू नुसता शोभेचा. अर्थ नसेल तर आरसीसीबी तुटते, पण कोणीतरी कूलरला हात लावल्यावर. पाणी भरताना प्लग काढूनच भरा, स्विचवर विसंबू नका. स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बंद असूनही मोटरपर्यंत फेज पोचलेला असतो.