आधी कटनिब, मग कोरलड्रॉ

ग्राफिक डिझाइन शिकताना कोरलड्रॉसारखं सॉफ्टवेअर आधी की हाताचा सराव आधी, या वादात विद्यार्थी म्हणून माझी भर. मी ठामपणे हाताच्या बाजूने आहे. कटनिबने, म्हणजे तिरप्या कापलेल्या टोकाच्या लेखणीने, देवनागरी गिरवताना रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक, ते बोटांनाच कळतं. मग 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्तासारखा फाँट पाहताना नजरच बदलते. (तो मोफत आहे, जरूर वापरा.)

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंग्रजी पुस्तकांतले नियम मराठीला जसेच्या तसे लावू नका. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी भारदस्त दिसतं, पण मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. लग्नपत्रिकेच्या सरावात 12 पॉइंटच्या मजकुराला एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत 18 पॉइंटचं अंतर दिलं आणि सगळी पत्रिका मोकळी, वाचनीय झाली.

रंगांचं म्हणाल तर पडद्यावरचा झगझगीत आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा) निळा सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत मंद पडतो. छापायला देण्याआधी एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून घ्याच.